न मोजलेली उडी

एका राज्यात एका सकाळी सगळ्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. वर्षभर त्या राज्यात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता, आणि त्या सकाळनंतर माणसे अशी झोपली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाजार उघडला नाही. ही कथा त्या सुटकेची आहे. शेवट गोड आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधल्या काट्यांतून जाताना ऐकणाऱ्याने उगाच श्वास कोंडून बसू नये.

त्या राज्याच्या राजाचे नाव धीरसेन. त्याच्या राज्यात दर चैत्री पौर्णिमेला घोड्यांच्या उड्यांचा उत्सव भरे. मैदानात काटक्यांची कुंपणे उभी करीत आणि स्वारांनी त्यांवरून घोडा घालायचा. उंचीचे तिथे फारसे कौतुक नव्हते. कुंपण रुंद किती, यावर मान ठरे. आणि एक रीत फार कडक होती. स्वार निघण्यापूर्वी राज्याचा मापकरी चांदीची काठी घेऊन कुंपण मोजी, नगाऱ्यावर टिपरी पडे, आणि मापकरी पुकारी, "चार हात!" "पाच हात!" न मोजलेली उडी ती उडीच नव्हे, असा तिथला कायदा होता. मापकरी वरदशर्मा सत्तरीचा होता, पण आवाज असा खणखणीत की पुकारा ऐकून बघणाऱ्यांच्या पोटात गोळा उठे. बघणाऱ्यांना तो गोळा आवडे. स्वारांना आवडतो की नाही, हे कुणी कधी विचारले नव्हते.

एका वर्षी उत्सवात कंटकनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याने काळा घोडा चार हातांच्या कुंपणावर घातला. घोडा ऐन वेळी अडला, कंटकनाथ चिखलात बसला, आणि सगळे मैदान हसले. राजाही हसला. कंटकनाथ उठला. त्याने गळ्यातली काट्यांची माळ काढून भिरकावली. माळ जिथे पडली तिथे तिचे वाटोळे कुंपण झाले. आत उत्सवाचे बक्षीस होते, रत्नजडित खोगीर, आणि भोवती अर्ध्या मैदानाएवढी मोकळी जागा. बाहेरच्या अंगाला पुरुषभर उंचीचे काटे, कुऱ्हाड लागली की कुऱ्हाडीचेच दोन तुकडे होत.

कंटकनाथ म्हणाला, "घोडा घालून जो पलीकडे उतरेल, खोगीर त्याचे. ज्याचा घोडा अडेल, तो दगड होईल. पुढल्या चैत्री पौर्णिमेचा सूर्य मावळला की त्या दगडाची माती होईल." एवढे बोलून तो कुंपणातच शिरला आणि दिसेनासा झाला.

राजाने तिथल्या तिथे कुंपण मोजवले. वरदशर्म्याने पुकारले, "पाच हात!"

राजाला दोन मुले. थोरला अरिंदम, धाकटी मृगांका. दोघेही पाळण्याआधी खोगिरावर बसलेली. अरिंदमाचा घोडा पारवा, पारव्याच्याच रंगाचा, गरीब डोळ्यांचा आणि लांब पायांचा. पाच हात अरिंदमाने हसत पार केलेले होते. दुसऱ्या सकाळी तो निघाला. रीतीप्रमाणे कुंपण पुन्हा मोजले. वरदशर्मा पुकारला, "सहा हात!" काल पाच आणि आज सहा कसे, असे एकानेही विचारले नाही. अरिंदम दौडत आला. काट्यांपाशी पारवा चारही पाय रोवून थांबला. अरिंदम त्याच्या मानेवरून उडाला, काट्यांपलीकडे जाऊन पडला, आणि गुडघ्यावर उठता उठता दगड झाला.

मग काय झाले ते सांगायला नको. राजाने बारा देशांचे स्वार बोलावले. ते आले, कुंपण पाहिले, वरदशर्म्याचा पुकारा ऐकला, आणि पाहुणचार घेऊन आपापल्या गावी गेले. पारव्याला राजाने अश्वशाळेतून काढून ओसाड कुरणात बांधले. "या अडेल जनावरामुळे माझा मुलगा गेला," असे तो म्हणे. दर पौर्णिमेला पहाटे राजा स्वतः वरदशर्म्याला घेऊन कुंपणापाशी जाई. काट्यांच्या फटीतून दगड झालेला मुलगा दिसे. वरदशर्मा मोजी, पुकारी. वैशाखात सात हात, ज्येष्ठात आठ. चंद्राबरोबर शाप वाढतो, असे सगळ्यांनी धरून चालले. फाल्गुनात पुकारा झाला, "सतरा हात!" त्या दिवशी राजा घरी परतताना दोनदा वाटेत बसला.

राहता राहिली मृगांका. तीही उत्तम स्वार, पण त्या सकाळपासून तिचा धीर गेला होता. शेतातला पाण्याचा पाट आला तरी ती घोडा थांबवून उतरे आणि चालत पलीकडे जाई. तिला स्वतःची लाज वाटे. एकुलता एक भाऊ महिन्याभराने माती होणार, आणि आपल्याला पाट ओलांडवत नाही, हे तिला सहन होईना. होळीच्या दुसऱ्या दिवशी ती ओसाड कुरणात गेली, पारव्याच्या गळ्यातली साखळी सोडली आणि त्याच्यावर बसली. दोघेही थरथरत होते. निदान थरथर तरी एका तालात होती.

दोघे माळावरून निघाले. वाटेत वाळूगोट्यांमध्ये टिटवीची चार अंडी होती. मृगांकेने ती पाहिली आणि पारव्याला बाजूने वळवले.

टिटवी समोर येऊन उभी राहिली. "राजकन्ये, घोडा वळवलास. उपकार झाले. बोल, काय हवे?"

पक्षी बोलतो याचे त्या राज्यात कुणाला नवल नव्हते. मृगांका म्हणाली, "टिटवीबाई, मला कुंपण ओलांडायचे आहे."

"मग ओलांड."

"भीती वाटते."

"ती तर मलाही वाटते. आभाळ पडेल म्हणून मी पाय वर करून झोपते. तीन गोष्टी आणून देशील?"

"प्राण मागा, देते."

"प्राण कशाला? काय करू त्यांचे? पहिली गोष्ट, मला तुझा कंटाळा आणून दे."

टिटवीने चोचीने खूण केली आणि मातीवर एक बांबू येऊन पडला. त्यावरून पारव्याला दुडक्या चालीने न्यायचे, वळायचे, पुन्हा न्यायचे. बांबू जमिनीवर आडवा पडलेला, मुंगीसुद्धा ओलांडील असा. तरी पहिल्या दिवशी मृगांकेचे तोंड कोरडे पडले आणि पारवा फुरफुरत बाजूला सरला. टिटवी रागावली नाही. दुसऱ्या दिवशी शंभर वेळा. तिसऱ्या दिवशी शंभर वेळा. मृगांका मनात म्हणे, भाऊ तिकडे दगड होऊन बसला आहे आणि मी इकडे बांबू ओलांडते आहे! पण टिटवीपुढे तिचे काही चालेना. नवव्या दिवशी दुपारी, बांबूच्या बरोबर वर असताना, तिला सणसणीत जांभई आली. खालून पारव्यानेही फुर्रर्र केले.

"टिटवीबाई, कंटाळा आला."

"मिळाला," टिटवी म्हणाली. "फार दिवसांनी चांगला कंटाळा पाहिला. आता दुसरी गोष्ट. माझ्या चोचीत काय आहे ते सांग."

आता दोन बांबू झाले, दगडांवर गुडघाभर उंच ठेवलेले, एकापुढे एक. टिटवी पलीकडच्या वारुळावर जाऊन उभी राही. मृगांकेने दौडत यायचे, उडी मारायची, आणि पारव्याचे पाय जमिनीला लागण्याआधी टिटवीच्या चोचीत काय आहे ते ओरडून सांगायचे.

पहिल्या उडीला मृगांका ओरडली, "बांबू!"

"मी बांबू चोचीत धरत नाही," टिटवी म्हणाली. "तू खाली पाहत होतीस. पारवाही मग खालीच पाहणार. पुन्हा ये."

पुन्हा आली. पुन्हा आली. पाचव्या खेपेला तिला काहीतरी पांढरे दिसले. विसाव्या खेपेला ती ओरडली, "शिंपला!" आणि तो शिंपला होता. मग खेळच सुरू झाला. गवताची काडी, पळसाची पाकळी, एक रागावलेला नाकतोडा. मृगांका एकदा हसली देखील, त्या वर्षातले पहिले हसू. आता ऐकणाऱ्याला एक गोष्ट सांगतो, जी तिला ठाऊक नव्हती. रोज संध्याकाळी ती घरी गेली की टिटवी पलीकडच्या बांबूपाशी जाऊन "सरक" म्हणे, आणि तो बांबू हातभर मागे सरके, दोन्ही बांबू बोटभर वर चढत. सकाळी मृगांका येई, नजर चोचीवर, आणि पार होई. आदल्या दिवशी जमले ते आजही जमले, एवढेच तिला वाटे.

"तिसरी गोष्ट," एके सकाळी टिटवी म्हणाली, "मला माझा धागा परत आणून दे. तुटलेला नको."

पारव्याच्या लगामाच्या दोन्ही बाजूंचे चामडे सोडून तिथे कच्च्या सुताचा धागा बांधला. जरा ओढला की तुटावा असा. मृगांका म्हणाली, "याने घोडा आवरणार कसा?"

"आवरायला कुणी सांगितले आहे?"

पहिल्या उडीला धागा तुटला. मृगांकेला खरेच वाटेना. आपण लगाम ओढला हे तिला कळलेसुद्धा नव्हते. दुसऱ्यांदा तुटला, तिसऱ्यांदा तुटला, त्या दिवशी एकोणतीस वेळा तुटला. प्रत्येक वेळी ऐन शेवटच्या टापेला, उडी घ्यायच्या क्षणी, तिचा हात आपोआप मागे येई. धागा तुटला की पारवा बिचकून तिरपा होई.

"पहा," टिटवी म्हणाली. "पाय पुढे चल म्हणतात आणि हात थांब म्हणतो. गरीब घोड्याने ऐकावे कुणाचे?"

मृगांका पारव्याच्या गळ्यात पडून रडली. वर्षभर सारे राज्य ज्याला अडेल म्हणत होते, त्या घोड्याला दर वेळी थांबायलाच तर सांगितले होते. तिने त्याची क्षमा मागितली. पारव्याने तिच्या पदराचे टोक चघळले, म्हणजे त्याने ती दिली असावी. पुढे सात दिवस ती हात पुढे सोडायला शिकली. पारव्याने मान लांबवली की हातही मानेबरोबर जायचे, बस्स. चैत्री पौर्णिमेच्या पहाटे उजेड फुटताना तिने ओळीने तीन उड्या मारल्या, आणि धागा जसाच्या तसा होता.

"आता उतर," टिटवी म्हणाली, "आणि मागे वळून बघ."

मृगांकेने पाहिले. दोन बांबूंच्या मध्ये तिच्या महालाचा दिवाणखाना मावला असता. ती मातीतच बसली. "हे कुणी केले?"

"मी केले. रोज हातभर. सांगितले असते तर तू आली असतीस का?"

"हे किती आहे?" असे म्हणत मृगांका उठली, आणि जन्माच्या सवयीने बांबूपासून पावले टाकून मोजू लागली. टिटवी इतकी किंचाळली की माळावरचे ससे पळाले.

"मोजू नकोस! तुम्हा लोकांना दुसरे काही येते की नाही? कुंपणाहून थोडे जास्त आहे, एवढे पुरे. राजकन्ये, माझे घरटे आधी त्या काट्यांशेजारी होते. चंद्र वाढला म्हणून कुंपण कधी तसूभर वाढले नाही. मार्गशीर्षात तुमच्या मापकऱ्याला ताप आला, पौर्णिमा कोरडी गेली. तीन दिवस कुंपण जागचे हलले नाही. चौथ्या दिवशी तो काठी टेकत आला, मोजले, पुकारले, आणि माझे घरटे काट्यांखाली गेले. मोजून पुकारले की ते हातभर रुंद होते. शाप एवढाच आहे."

"मग कुणाला सांगितले का नाही?"

"टिटवी ओरडली की तुम्ही अपशकुन म्हणता आणि दगड मारता. सांगू कशी?"

तेवढ्यात दूर मैदानातून नगारा ऐकू आला. पौर्णिमेची पहाट होती, राजा मोजायला निघाला होता. ती पारव्यावर बसली आणि धाग्याच्या लगामानेच दौडत सुटली.

ती पोचली तेव्हा वरदशर्मा काठी काट्यांना टेकवत होता. मृगांका ओरडली, "तात, मोजू नका!"

राजाने पाहिले. मुलगी त्याच अडेल घोड्यावर बसलेली, लगामाच्या जागी सुताचा धागा. "बाळ, खाली उतर. एक गेला, तुला मी देणार नाही."

मृगांकेने टिटवीचे बोलणे सांगितले. जसजसे सांगत गेली तसतसा राजाचा चेहरा बदलत गेला. पाच, सहा, सात. दर पौर्णिमेला तो मुलाला पाहायला यायचा, माया म्हणून यायचा, आणि येताना काठी घेऊन यायचा. तो वरदशर्म्याकडे वळला, तर म्हातारा काठी छातीशी धरून उभा होता.

"महाराज," वरदशर्मा म्हणाला, "न मोजलेली उडी ही उडीच नव्हे. कायदा आहे. सात पिढ्यांचा आहे."

"तर ती उडी नसो," राजा म्हणाला. "माझा मुलगा घरी येवो."

वरदशर्म्याने एकदा काठीकडे पाहिले, एकदा काट्यांकडे. मग त्याने ती काठी मैदानावर आडवी ठेवली आणि दोन पावले मागे सरला. माझ्या मते त्या दिवशीची पहिली अवघड उडी त्या म्हाताऱ्याने मारली.

मृगांका मैदानाच्या टोकापर्यंत मागे गेली. नगारा नाही, पुकारा नाही. पारव्याने कान टवकारले. जागा त्याला ओळखू आली होती. तो निघाला, पण चाल तोकडी होती. मृगांकेने त्याला घाई केली नाही. बांबूवरची ती कंटाळवाणी चाल तिने मनात धरली, टप टप टप टप, आणि हळूहळू पारव्यालाही ती आठवली. काटे जवळ आले. तिचा हात मागे यायला निघाला, आणि बोटांत धागा लागला. तिने हात सोडला. नजर वर केली. काट्यांपलीकडे अरिंदमाच्या दगडी डोक्यावर टिटवी उभी होती.

पारवा उडाला.

खाली काटे आले, संपले नाहीत, अजून आले. मृगांकेला ते दिसले नाहीत. ती पाहत होती टिटवीच्या चोचीकडे, आणि हवेतूनच ओरडली, "काही नाही! चोच रिकामी आहे!"

"बरोबर!" टिटवी ओरडली, आणि पारव्याचे चारही पाय मऊ मातीवर उतरले.

काटे वाळले, करकर वाजले आणि मोडून पडले. त्यांतून कंटकनाथ बाहेर आला, अंग बारीक झालेले, दाढीत काटेच काटे. तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "सुटलो. शाप दिला तुम्हाला आणि वर्षभर अडकलो मीच." राजाने त्याला पाणी दिले. "तू पडलास तेव्हा मी हसलो, ते चुकले," असे राजा म्हणाला. कंटकनाथ ते पाणी एका दमात प्यायला.

पण राजाचे लक्ष पाण्याकडे नव्हते. समोर दगडाचा रंग उतरत होता. आधी बोटे हलली, मग खांदे. अरिंदमाने एक लांब श्वास घेतला, वर्षभराचा एकदम. मृगांका खोगिरावरून उतरली की पडली कुणास ठाऊक, ती त्याच्यापाशी पोचली. त्याने तिच्याकडे पाहिले, तिच्यामागे घाम गाळत उभ्या असलेल्या घोड्याकडे पाहिले, आणि घाईघाईने म्हणाला, "पारव्याला कुणी मारू नका. तो नाही अडला. पुकारा ऐकला आणि लगाम मी ओढला."

"ठाऊक आहे, दादा," मृगांका म्हणाली. "मीही ओढायचे."

राजा काटे तुडवत आला, त्याच्या पायांत काय रुतते आहे हे त्याला कळत नव्हते. त्याने मुलाला धरले, मुलीला धरले, आणि मग पारव्याच्या कपाळावर कपाळ टेकले. "मीच रुंद केले," तो म्हणाला. "दर महिन्याला मीच." आणि तो सर्वांदेखत मोठ्याने रडला. त्याला कुणी अडवले नाही, कारण बाकीचेही तेच करत होते.

रत्नजडित खोगीर तिथेच पडून होते. ते इतके जड निघाले की कोणत्याही घोड्याच्या पाठीला सोसवेना, तेव्हा राजाने ते भांडारात ठेवून दिले. टिटवीला अर्धे मैदान आंदण मिळाले, आणि तिच्या घरट्यावरून जो कुणी घोडा नेईल त्याला शिक्षा ठरली. कंटकनाथाने तिच्यापाशी विद्या मागितली. टिटवीने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि जमिनीवर एक बांबू टाकला.

त्या सगळ्या गडबडीत वरदशर्मा एका कडेला उभा होता, हात रिकामे, काय करावे ते न सुचून. सात पिढ्या त्याच्या घराण्याने फक्त आकडे पुकारले होते. तो राजापाशी आला आणि हळूच म्हणाला, "महाराज, लोक वाट पाहत आहेत. नगारावाला टिपरी उगारून उभा आहे. पुकारू काय?"

राजाने डोळे पुसले. "पुकार, अरिंदम घरी आला."

नगाऱ्यावर टिपरी पडली. वरदशर्म्याने छाती भरून घेतली आणि पुकारले, "अरिंदम घरी आला!" शहराच्या पार टोकाच्या घरांपर्यंत ते ऐकू गेले. चुलीपुढच्या बायका उठून उंबऱ्यात आल्या, अश्वशाळेतल्या मोतद्दारांनी हातातले खरारे टाकले, आणि कुणाच्याही पोटात गोळा उठला नाही. वरदशर्म्याला ते इतके बरे वाटले की त्याने तेच आणखी दोनदा पुकारले.

तेव्हापासून त्या राज्यात उडी झाल्यावर पुकारतात, आधी नाही. त्या भावाबहिणीची छाती जशी हलकी झाली, तशी ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाची होवो.